तीन ठोके, जोर मधल्यावर

मी फूटपट्टी बोलतेय. हसू नका. परीक्षेच्या दिवशी ऐन वेळी सापडत नाही आणि वर्षभर दप्तरात वाकून पडलेली असते, ती प्लॅस्टिकची बया मी नव्हे. मी लाकडाची, अंगाने जाडजूड, बारा इंची. आणि खरं सांगायचं तर मापाला अगदी कुचकामी.

माझा नववा इंच बाकीच्यांपेक्षा मोठा आहे. त्याला कारण आहे. खिडकीच्या चौकटीतून उरलेल्या लाकडापासून मला एका सुताराने घडवलं. तो माझ्या अंगावर खुणा पाडत बसला होता, तेवढ्यात त्याची लेक पळत आली नि दारातूनच ओरडली, "बाबा, इंग्रजीत पास!" त्याने मान वर केली आणि हात घसरला. तो आनंद माझ्या अंगावर कायमचा राहिला.

त्या मुलीला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांकडेच सुतार मला घेऊन गेला. मास्तरांनी मला दुसऱ्या पट्टीशेजारी लावून पाहिलं, भुवई उडवली आणि म्हणाले, "फार सुंदर झालीय हो." त्यांनी मला पुढल्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं. माझ्या कडेने रेघ मात्र एकदाही मारली नाही. शहाणा माणूस!

मग माझं काम काय? तर ठोके द्यायचे.

मास्तरांचा वर्ग त्याच खोलीत भरायचा. लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की भलेभले तो गाळून पुढे वाचायचे. मास्तर म्हणायचे, "शब्दाला घाबरायचं नाही. आधी त्याचे तुकडे पाडा. हनुवटीखाली हात धरा आणि शब्द म्हणा. हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके तुकडे. मग त्यातल्या कुठल्या तुकड्यावर जोर येतो ते ऐका." असं म्हणून ते मला उचलायचे. साध्या तुकड्याला टेबलावर हलका ठोका, जोराच्या तुकड्याला खणखणीत. हॉस्पिटल म्हटलं की ठक्, टक्, टक्. त्याचाच भाऊ हॉस्पिटॅलिटी, पण त्याची चाल निराळी. टक्, टक्, ठक्, टक्, टक्. जोर उडी मारून तिसऱ्यावर जातो. मुलं आ वासून बघायची. मला तर भारी मिरवल्यासारखं व्हायचं.

या खोलीला लागून स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. पडद्यापलीकडे काकू. मास्तरांची बायको, पण सगळे विद्यार्थी काकू म्हणायचे म्हणून मीही म्हणते. काकूंना आपली भाषा लिहिता-वाचता यायची, इंग्रजीचं अक्षरही नाही. आत भांड्यांचा आवाज जास्त झाला की मास्तर मला टेबलावर दोनदा जोरात आपटायचे. त्याचा अर्थ, आवाज कमी. लगेच आत सामसूम व्हायची.

एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. तेव्हा मी घरात नवी होते आणि काकूही नव्याच होत्या. वर्ग सुटल्यावर पडद्यातून डोकं बाहेर काढून त्यांनी विचारलं, "अहो, ते हॉस्पिटॅलिटी म्हणजे काय?"

मास्तर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला काय करायचंय? चहा टाक जरा."

रागावून नाही म्हणाले. अगदी सहज म्हणाले. काकूंनी चहा टाकला आणि पुन्हा कधी विचारलं नाही. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लाकूड. पण मास्तर तर माणूस होते ना!

वर्षं गेली. वर्गात एका पिढीमागून दुसरी आली. माझी टोकं झिजून गोल झाली. मास्तर शाळेतून निवृत्त झाले, तरी घरचा वर्ग सुरूच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात दोन माणसं आणि ठोके.

मग मास्तरांचा घसा बसला. आधी काढे झाले, मग गोळ्या, मग तपासण्या. डॉक्टरांनी कॅन्सरचं निदान केलं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. ज्या गळ्यावर आख्खं घर चाललं, त्या गळ्याला एक भोक उरलं आणि त्यावर पातळ फडकं. मास्तर घरी आले ते हातात पाटी घेऊन. काही सांगायचं झालं तर पाटीवर लिहायचं. काकूंना हाक मारायची झाली तर मी. टेबलावर, खाटेच्या कडेवर, भिंतीवर, जिथे हात पोचेल तिथे.

विद्यार्थी हळूहळू गळाले. मुक्या मास्तरांकडून उच्चार कोण शिकणार? एक तेवढी राहिली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वाचताना एकाही शब्दावर थांबायची नाही, म्हणून मास्तरांनी तिचं नाव एक्सप्रेस ठेवलं होतं. मोठ्या हॉस्पिटलात नोकरीसाठी तिची इंग्रजीत तोंडी परीक्षा होती. जीव गेला तरी मास्तरांनाच धरून राहायचं असं तिने ठरवलेलं.

एका दुपारी मास्तरांनी पाटीवर एक लांब शब्द लिहिला आणि ठोके दिले. टक्, टक्, टक्, ठक्, टक्, टक्. एक्सप्रेस धडपडली. पुन्हा ठोके. पुन्हा धडपडली. मास्तरांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, आवाज कुठला येणार! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

तेवढ्यात पडद्यामागून स्वच्छ आवाज आला, "रिस्पॉन्सिबिलिटी!"

जोर अगदी बरोब्बर चौथ्यावर.

एक्सप्रेस उठून उभी राहिली. मास्तरांनी मला दुसऱ्या शब्दासाठी आपटलं. आतून उत्तर आलं, "रेफ्रिजरेटर. नाहीतर युनिव्हर्सिटी. नाही, थांबा, युनिव्हर्सिटीचा जोर तिसऱ्यावर. रेफ्रिजरेटरच."

पडदा बाजूला करून काकू आल्या. हातात सुरी, पदराला पीठ. गुन्हा पकडला गेल्यासारखा चेहरा. म्हणाल्या, "कानावर पडत होतं हो इतकी वर्षं. भाजी चिरताना मी पण ठोके धरायची. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवसापासून टेबलाजवळ एक स्टूल आलं. मास्तर ठोके द्यायचे आणि काकू शब्द म्हणायच्या. चाळीस वर्षांतले सगळे शब्द त्यांच्या डोक्यात होते, तेही ठोक्यांच्या घराण्यांप्रमाणे लावलेले. "हा इमर्जन्सीच्या घराण्यातला," म्हणायच्या, "हा एक्झामिनेशनचा चुलत भाऊ." एक्सप्रेसला तर त्यांनी वठणीवरच आणलं. "अगं, स्टेशन आलं की थांब की जरा! गाडी काय घरी न्यायचीय का?" अर्थ मात्र काकूंना फार थोड्या शब्दांचे ठाऊक होते. बाजारात, रेडिओवर कानावर पडून कळलेले तेवढेच. बाकी सगळे त्यांच्यासाठी नुसते आवाज.

ते चार महिने काकूंच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. नवरा मुका झाला होता आणि त्या सुखात होत्या, हे ऐकायला वाईट वाटतं. पण होतं तसं सांगते. पडद्याच्या अलीकडे त्यांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

मग पुढच्या तपासणीचा दिवस आला. हाक मारायला लागते म्हणून मीही पिशवीत होते. डॉक्टर मास्तरांचा जुना विद्यार्थी. फोटो त्याने पुन्हा एकदा उजेडात धरला. मास्तरांनी काकूंना दिसणार नाही अशी पाटी धरून लिहिलं, "इंग्रजीत सांग. तिला कळायला नको." डॉक्टरने सांगितलं. शांतपणे, एकेका शब्दाचे तुकडे नीट पाडत, जसं त्याला शिकवलं होतं तसं. काकू शेजारच्या खुर्चीत कान देऊन बसल्या होत्या.

घरी परतताना बसच्या थांब्यावर काकू म्हणाल्या, "मे-टॅस-टॅ-सिस. चार तुकडे, जोर दुसऱ्यावर. नवीन शब्द आहे हो! इमर्जन्सीच्याच घराण्यातला. डॉक्टर दोनदा म्हणाला. म्हणजे काय?"

मास्तरांनी समोर आलेली बस जाऊ दिली. मग पाटी काढली. त्यांचा हात मी पिशवीतून पाहत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी बायकोला सांगितलेला हा पहिला अर्थ. त्यांनी लिहिलं, "सुधारणा."

काकूंनी वाचलं आणि थांब्यावरच हात जोडले. "हुश्श! मग तोंड असं का करून बसलात? मी घाबरलेच की!"

आणि झालं, त्यांनी तो शब्द मिरवायला सुरुवात केली. शेजारच्या शिंप्याला सांगितलं, "आमच्या ह्यांना आता मेटॅस्टॅसिस आहे." शिंपी म्हणाला, "वा, छान झालं काकू." दूधवाल्याला सांगितलं. समोरच्या बाईंना गॅलरीतून ओरडून सांगितलं. उच्चार इतका अचूक की कुणाच्या मनात शंका येऊ नये. मास्तर आतल्या खोलीतून ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी त्यांच्या उशाशी असायचे. मला बोलता येत असतं तर मी काय केलं असतं? माहीत नाही. बहुतेक मीही गप्पच बसले असते.

चौथ्या दिवशी एक्सप्रेस आली. ती आठवडाभर सुट्टीला गावी गेली होती. काकूंनी तिला स्टूलवर बसवलं. "एक फर्मास शब्द आहे तुझ्यासाठी. तुझ्याच कामाचा. आमच्या घरात आलाय, म्हणजे बघ! मेटॅस्टॅसिस. चल, तोड."

पोरगी तोडणार काय! तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान हलवली. नको, सांगू नकोस.

काकूंनी ती मान पाहिली. "अहो, कुणाला मान हलवताय?" मग पोरीकडे वळल्या. "तू का रडतेस गं? सुधारणेला कुणी रडतं का?"

मास्तरांनी मला टेबलावर दोनदा जोरात आपटलं. गप्प. काकूंनी पुढे होऊन मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"बोल," त्या एक्सप्रेसला म्हणाल्या.

"काकू, ते पसरलंय," ती म्हणाली. "गळ्यातून इतर ठिकाणी. त्याला म्हणतात तो शब्द."

काकूंनी मला दोन्ही हातांत धरलं. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस?" पोरीने मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनीच दोन बोटं वर केली. दोन महिने.

"मी रस्ताभर सांगत सुटले," काकू म्हणाल्या. "शिंप्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. हसत हसत."

मास्तरांनी घाईघाईने लिहिलं, "तुला त्रास नको म्हणून."

"त्रास?" आता आवाज चढला. "चाळीस वर्षं त्या पडद्यामागे उभी होते मी. हजार शब्द ऐकले. कसे तोडायचे ते कळलं, जोर कुठे द्यायचा ते कळलं. अर्थ एकाचाही सांगितला नाहीत. सांगितलात तो हा एक, आणि तोही खोटा!"

मला टेबलावर ठेवून त्या आत गेल्या आणि पडदा ओढून घेतला.

दोन दिवस घरात बोलणं नाही. ताट वेळेवर येत होतं, औषध वेळेवर येत होतं, फडकं बदललं जात होतं. मास्तर मला उचलायचे आणि खाली ठेवायचे. हाक मारायची हिंमत होत नव्हती त्यांची.

तिसऱ्या सकाळी ते भिंत धरधरून स्वयंपाकघराशी गेले. स्वतःच्या हाताने त्यांनी पडदा काढला, घडी घालून फडताळावर ठेवला आणि काकूंसमोर पाटी धरली. "विचार. हवा तो शब्द. खरंच सांगेन."

काकू कणीक मळत होत्या. हात तसेच ठेवून म्हणाल्या, "हॉस्पिटॅलिटी."

मास्तरांनी लिहिलं, "पाहुणचार."

काकू पाटीकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "अहो, मग हे तर मी त्या दिवशी करतच होते! चहा टाक म्हणालात, टाकला. एवढं सांगायला तोंड दुखलं असतं का तुमचं?"

तेव्हापासून त्यांचा वर्ग सुरू झाला. रोज सकाळी उन्हं आत यायच्या वेळी. काकू शब्द काढायच्या, मास्तर अर्थ लिहायचे. काही अर्थांनी त्यांची निराशा झाली. "रेफ्रिजरेटर म्हणजे फ्रीज? एवढा थाटमाट कशाला मग?" काही अर्थ वाचून त्या लगेच पुढे सरकायच्या. 'ऑपॉर्च्युनिटी'ला मास्तरांनी लिहिलं, "संधी." काकू म्हणाल्या, "पुढचा." 'रिस्पॉन्सिबिलिटी'ला लिहिलं, "जबाबदारी." त्या म्हणाल्या, "हा मला ठाऊक असल्यासारखाच होता." कधी कधी एकाच सकाळी पंधरा-पंधरा शब्द व्हायचे. राग गेला होता का? सगळा नाही. मध्येच फुटायचा. पण त्या स्टूल ओढून जवळ बसायच्या, पूर्वीपेक्षा जवळ. त्यांना सगळे शब्द अर्थासकट हवे होते, आणि दिवस पुरणार नव्हते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुढे मास्तरांच्या बोटांतली ताकद गेली. आधी अक्षर वाकडं झालं, मग पेन्सिल धरवेना. मी जाड होते म्हणून मुठीत मावायचे. मग काकू अर्थाचे अंदाज सांगायच्या आणि मास्तरांनी एक ठोका दिला की हो, दोन दिले की नाही. असेही थोडे शब्द झाले.

शेवटच्या दिवशी सकाळी काकू त्यांचं तोंड पुसत होत्या. मास्तरांनी मला धरलं आणि खाटेच्या कडेवर ठोके दिले. टक्, ठक्, टक्.

"तीन तुकडे, जोर मधल्यावर," काकू म्हणाल्या. "शब्द सांगताय? थांबा हं. टुमॉरो?"

दोन ठोके. नाही.

"रिमेंबर?"

नाही.

"इम्पॉर्टंट? अम्ब्रेला? सप्टेंबर?"

नाही, नाही, नाही.

"पोटॅटो?"

मास्तर हसले. गळ्यातून नुसती हवा आली, पण ते हसले. मग पुन्हा तेच. टक्, ठक्, टक्. डोळे काकूंवर रोखलेले. काकूंनी त्या घराण्यातले सगळे शब्द काढले. एकेक करत, घाई न करता, जसं त्यांनी एक्सप्रेसला शिकवलं होतं. प्रत्येकाला नाही. तिसऱ्यांदा मास्तरांनी मला उचललं. टक्, ठक्, आणि शेवटचा ठोका इतका हलका की तो मलाच काय तो जाणवला. मग मूठ सैल झाली आणि मी खाली पडले.

काकूंनी आणखी दोन शब्द विचारले. मग थांबल्या.

आता तुम्ही मला विचाराल, तू तर त्यांच्या मुठीत होतीस, शब्द कोणता होता? नाही हो माहीत. माझ्याकडे फक्त ठोके येतात. शब्द मला कधी कुणी सांगितलाच नाही. आणि इतक्या वर्षांत मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, ते आता वाटतं.

एक्सप्रेस परीक्षा पास झाली. मोठ्या हॉस्पिटलात लागली. सुट्टीच्या दिवशी काकूंकडे येते आणि येताना चिठ्ठीवर शब्द लिहून आणते, सगळे तीन तुकड्यांचे, जोर मधल्यावर. काकू आधी अर्थ विचारतात, मग ठोके देतात. "पर्मिशन? परवानगी? छे, जाताना परवानगी कसली मागतील ते!" "अटेंशन? लक्ष? उभ्या जन्मात नाही."

गेल्या खेपेला ती पोरगी चाचरत म्हणाली, "काकू, फरगिव्हनेस असेल. क्षमा."

काकूंनी मला हातात घेतलं. टक्, ठक्, टक्. बरोब्बर बसत होता. मला वाटलं, आता त्या रडतील, हो म्हणतील आणि सुटतील एकदाच्या.

त्या म्हणाल्या, "असेल. नसेलही. तू चांगल्या मनाने सांगतेस गं. पण एकदा असाच गोड अर्थ मी थांब्यावर वाचला आणि गावभर सांगत फिरले. आता ज्याने सांगायचं तो गेला. माझ्या सोयीचा अर्थ मी लावून घेणार नाही."

आणि मला खाली ठेवून त्या चहा टाकायला उठल्या.

मी इथेच आहे, टेबलावर. टोकं पार झिजलीत, खुणाही पुसट झाल्यात. मापासाठी मला कुणी मागत नाही, आणि ते बरंच आहे. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातही आतल्या खोलीत कुणीतरी ऐकत असेल. त्या माणसाने कधी विचारलं, म्हणजे काय, तर हातातली वही बाजूला ठेवा आणि सांगा. खरं असेल ते सांगा. आणि गळ्यात आवाज आहे तोवर सांगा.